रशियाचा ‘परदेशी हस्तक’ कायदा नेमका चालतो कसा?

रशियाचं न्याय मंत्रालय साधारणपणे दर शुक्रवारी आपल्या संकेतस्थळावरची एक यादी वाढवतं. त्यात एखादा पत्रकार असतो, एखादी गायिका, वकील, अर्थशास्त्रज्ञ, कधी पर्यावरणासाठी काम करणारा छोटा गट. यादीत टाकण्यापूर्वी सुनावणी होत नाही, न्यायालयाचा निकाल लागत नाही. आपलं नाव आलंय हे बऱ्याच जणांना बातमीतूनच कळतं. त्या दिवसापासून ते कायद्याच्या भाषेत ‘परदेशी हस्तक’ असतात. आजवर या यादीत झालेल्या नोंदी हजाराच्या वर गेल्या आहेत.

कोणाला अटक होत नाही, संस्थेला टाळं लागत नाही, काम थांबवण्याचा आदेशही निघत नाही. म्हणूनच बाहेरच्या वाचकाला प्रश्न पडतो की यात एवढं भयंकर काय आहे? पैसा बाहेरून येत असेल तर तसं सांगायला काय हरकत? या कायद्याची ताकद त्या शिक्क्यात फारशी नाही. ती शिक्क्याला जोडलेल्या बारीकसारीक अटींमध्ये आहे. एकेक अट सुटी पाहिली तर पाळता येईल अशी वाटते. सगळ्या मिळून कायदेशीरपणे काम करणं अशक्य करून टाकतात, आणि मग अट मोडली म्हणून शिक्षा होते.

सुरुवात 2011 च्या डिसेंबरमधली. ड्यूमाच्या, म्हणजे रशियन संसदेच्या कनिष्ठ सभागृहाच्या निवडणुकीत गैरप्रकार झाल्याचे आरोप झाले आणि मॉस्कोत हजारो लोक रस्त्यावर आले. हे गैरप्रकार नकाशावर नोंदवून लोकांसमोर ठेवण्याचं काम ‘गोलोस’ ही संस्था करत होती. 2000 साली स्थापन झालेल्या या संस्थेने देशभर स्वयंसेवी निवडणूक निरीक्षकांचं जाळं उभं केलं होतं. मे 2012 मध्ये पुतिन तिसऱ्यांदा अध्यक्ष झाले आणि जुलैमध्ये हा कायदा मंजूर झाला. 21 नोव्हेंबर 2012 पासून तो लागू झाला.

मूळ कायद्यात दोन अटी होत्या. संस्थेला परदेशातून पैसा मिळत असला पाहिजे आणि ती ‘राजकीय काम’ करत असली पाहिजे. दोन्ही लागू होत असतील तर संस्थेने स्वतःहून मंत्रालयात जाऊन ‘परदेशी हस्तक’ म्हणून नोंद करायची. संस्थांनी ते नाकारलं. आपण कुणाचे हस्तक नाही हीच आपली भूमिका असेल तर तसं लिहून कसं देणार? मग 2013 च्या मार्चमध्ये सरकारी वकिलांनी शेकडो संस्थांच्या कार्यालयांत तपासण्या केल्या. एप्रिलमध्ये पहिला दंड झाला तो गोलोसला, 3 लाख रूबल. कारण होतं नॉर्वेतल्या एका मानवाधिकार संघटनेने दिलेला पुरस्कार. पुरस्काराची रक्कम आम्ही स्वीकारली नाही, परत पाठवली, असं संस्था सांगत होती. 2014 च्या जूनमध्ये सरकारने कायदाच बदलला आणि संस्थेच्या संमतीशिवाय तिचं नाव यादीत टाकण्याचा अधिकार मंत्रालयाला दिला. यादी खऱ्या अर्थाने वाढू लागली ती त्यानंतर.

या दोन अटींत काय बिघाड होता ते नीट पाहायला हवं, कारण पुढचं सगळं तिथूनच निघतं. पैशाच्या अटीला खालची मर्यादा नव्हती. एकूण निधीच्या इतके टक्के किंवा अमुक इतके रूबल, असं काही लिहिलेलं नव्हतं. एका परदेशी नागरिकाने पाठवलेली किरकोळ देणगीही पुरत असे. पैसा नेमका त्या ‘राजकीय कामा’साठीच आला होता, हे दाखवण्याचीही गरज नव्हती. ‘राजकीय काम’ या शब्दांची व्याप्ती तर 2016 मध्ये आणखी वाढवली गेली. सरकारी कार्यालयाला निवेदन देणं, जनमत चाचणी घेणं, कायद्यात बदल सुचवणं, एखाद्या सरकारी निर्णयावर जाहीर मत मांडणं, हे सगळं त्यात बसतं. विज्ञान, आरोग्य, संस्कृती, वनस्पती आणि प्राण्यांचं संरक्षण ही क्षेत्रं कागदोपत्री वगळलेली होती. पण त्या वगळण्याचा उपयोग किती झाला?

कॅलिनिनग्राडची ‘इकोडिफेन्स’ ही संस्था तिथल्या अणुप्रकल्पाला विरोध करत होती. 2014 मध्ये तिचं नाव यादीत आलं. सारातोव्ह शहरातली मधुमेहींची संघटना 2018 मध्ये अडकली, कारण तिला परदेशी औषध कंपन्यांकडून मदत मिळाली होती. दंड झाला आणि संघटना बंद पडली. सगळ्यात बोलकं उदाहरण ‘डायनॅस्टी फाउंडेशन’चं आहे. बीलाइन या मोबाइल सेवेमागच्या कंपनीचे संस्थापक दिमित्री झिमिन यांनी 2002 मध्ये स्वतःच्या पैशातून ही संस्था काढली. तरुण संशोधकांना शिष्यवृत्त्या आणि विज्ञानाची लोकप्रिय पुस्तकं, हे तिचं काम. पैसा झिमिन यांचा स्वतःचा, पण ठेवलेला परदेशातल्या खात्यांत. रशियन माणसाने रशियन शास्त्रज्ञांना दिलेला पैसा ‘परदेशी निधी’ ठरला आणि 2015 मध्ये संस्था यादीत आली. झिमिन यांनी त्याच वर्षी ती बंद केली. सार्वजनिक हिताच्या कामासाठी खासगी पैसा देणारे लोक कुठल्याही देशात थोडेच असतात. त्यांच्यातल्या एकाला असं घालवून देणं हे त्या देशाचंच नुकसान आहे.

रशियन सरकारचं ठरलेलं उत्तर असतं की असा कायदा अमेरिकेतही आहे, तोही 1938 पासून. ते खरं आहे आणि या युक्तिवादाला नीट उत्तर द्यायला हवं. अमेरिकी कायद्यात हस्तक ठरण्यासाठी एखादी व्यक्ती परदेशी मालकाच्या आदेशावरून, विनंतीवरून किंवा नियंत्रणाखाली काम करते, असा संबंध दिसावा लागतो. नुसता पैसा पुरत नाही. रशियन कायद्यात हा दुवाच काढून टाकला आहे. कोणाच्या सांगण्यावरून हा प्रश्न तिथे विचारलाच जात नाही. आपल्याकडच्या संस्थाचालकांना परदेशी देणग्यांबाबतचा एफसीआरए कायदा माहीत असतो, त्यांनी आणखी एक फरक लक्षात घ्यावा. आपल्या कायद्याचा रोख परदेशी पैसा घेण्याच्या परवानगीवर आहे. त्यावरही बरीच टीका होते, पण परवानगी गेली तर थांबतो तो पैसा. रशियन पद्धतीत पैसा थांबवूनही सुटका नाही, कारण शिक्का संस्थेच्या आणि माणसाच्या नावावर बसतो.

पुढच्या दहा वर्षांत कायदा टप्प्याटप्प्याने पसरला. 2017 च्या नोव्हेंबरमध्ये प्रसारमाध्यमं त्यात आली. अमेरिकेने रशियाच्या ‘आरटी’ या सरकारी वाहिनीला नोंदणी करायला लावल्याचं ते प्रत्युत्तर होतं. डिसेंबरमध्ये अमेरिकी सरकारच्या पैशावर चालणाऱ्या रेडिओ लिबर्टी आणि व्हॉइस ऑफ अमेरिका यांची नावं यादीत आली. 2019 अखेरच्या दुरुस्तीने व्यक्तींनाही हस्तक ठरवण्याची सोय झाली आणि 28 डिसेंबर 2020 रोजी पहिल्या पाच व्यक्तींची नावं जाहीर झाली. त्यात ज्येष्ठ मानवाधिकार कार्यकर्ते लेव्ह पोनोमारेव होते. त्याच महिन्यात नोंदणी नसलेले गटही कायद्याच्या कक्षेत आले. मग जुलै 2022 मध्ये सगळे जुने तुकडे एकत्र करून नवा कायदा केला गेला, तो 1 डिसेंबर 2022 पासून लागू आहे. त्यात पैशाची अटही उरली नाही. माणूस ‘परदेशी प्रभावाखाली’ आहे असं मंत्रालयाला वाटलं तरी पुरतं. परदेशी वाहिनीला मुलाखत देणंही त्यात धरलं जाऊ शकतं.

आता नाव यादीत आल्यावर काय होतं ते पाहू. पहिली गोष्ट म्हणजे ठसठशीत सूचना. माध्यमांसाठी 2020 नंतर जो मजकूर सक्तीचा झाला तो रशियन भाषेत 24 शब्दांचा होता, सगळा मोठ्या अक्षरांत, आणि मूळ मजकुराच्या दुप्पट आकारात छापायचा. त्याचा आशय असा: हा संदेश किंवा मजकूर परदेशी हस्तकाचं काम करणाऱ्या परदेशी प्रसारमाध्यमाने आणि/किंवा परदेशी हस्तकाचं काम करणाऱ्या रशियन संस्थेने, तयार केला आहे आणि/किंवा पसरवला आहे. दोन ओळींच्या बातमीवर हा सात-आठ ओळींचा फलक. प्रत्येक बातमीवर, प्रत्येक ट्वीटवर, प्रत्येक व्हिडिओच्या सुरुवातीला. व्यक्ती यादीत आल्यावर समाजमाध्यमांवरच्या त्यांच्या पोस्टवरही तो आला. शिवाय त्यांचा मजकूर 18 वर्षांवरील वाचकांसाठीच आहे, असंही लिहावं लागतं. इतर कोणा वर्तमानपत्राने अशा व्यक्तीचा उल्लेख केला तर त्यालाही नावापुढे तिचा दर्जा नमूद करावा लागतो. म्हणून संपादक तिचं नाव घेणंच टाळतात. तज्ज्ञ म्हणून दोन वाक्यं विचारायला होणारे फोन बंद होतात.

दुसरी गोष्ट हिशेबाची. आलेला पैसा, झालेला खर्च, कामाचा तपशील, संस्था असेल तर पदाधिकाऱ्यांची माहिती आणि लेखापरीक्षण, हे सगळं ठरावीक नमुन्यात आणि ठरावीक मुदतीत सादर करायचं. खर्चाचं विवरण दर तिमाहीला द्यायचं. सुरुवातीच्या काळात तर एकट्या माणसालाही यादीत आल्यावर महिन्याभरात स्वतःची कंपनी नोंदवावी लागे, कारण सूचनेत एका ‘रशियन संस्थे’चं नाव हवं असे. एका शिक्षिकेने किंवा स्थानिक वार्ताहराने कंपनी काढायची, तिचा लेखापरीक्षक नेमायचा आणि त्याचा खर्च स्वतः करायचा, असा तो प्रकार होता.

तिसरी गोष्ट बंदीची. यादीतल्या माणसाला सरकारी नोकरी नाही, अल्पवयीन मुलांना शिकवता येत नाही, सरकारी अनुदान मिळत नाही, सभा-मोर्चा भरवता येत नाही. मे 2024 पासून कोणतीही निवडणूक लढवता येत नाही. मार्च 2024 मध्ये त्यांच्या माध्यमांवर जाहिरात देण्यावर बंदी आली. युट्यूबवर स्वतंत्र वाहिन्या चालवणाऱ्या पत्रकारांचं रशियातलं उत्पन्न त्यामुळे एका झटक्यात आटलं. 1 मार्च 2025 पासून तर घरभाडं, पुस्तकांची रॉयल्टी, ठेवीवरचं व्याज, मालमत्ता विकून आलेली रक्कम, हे सगळं एका खास रूबल खात्यात जमा करणं सक्तीचं आहे. यादीतून नाव निघेपर्यंत त्या खात्यातून पैसे काढता येत नाहीत. देश सोडून गेलेल्यांची मागे राहिलेली मिळकत धरून ठेवण्यासाठीच ही तरतूद केलेली दिसते.

यातला प्रत्यक्ष परिणाम पाहायचा तर ‘मेदूझा’कडे पाहावं. हे रशियन भाषेतलं वृत्तसंकेतस्थळ लात्वियाची राजधानी रिगा इथून चालतं. 23 एप्रिल 2021 रोजी ते यादीत आलं आणि काही दिवसांतच बहुतेक जाहिरातदार निघून गेले. जाहिरात देणं तेव्हा बेकायदेशीर नव्हतं. पण सरकारी कंत्राटांवर अवलंबून असलेली कंपनी असल्या फलकाच्या शेजारी आपलं नाव कशाला लावेल? मेदूझाने कार्यालय सोडलं, पगार कापले आणि वाचकांकडे वर्गणी मागितली. वाचकांनी ती दिली. त्याच वर्षी अशाच अवस्थेत सापडलेलं ‘व्हीटाइम्स’ हे वृत्तसंकेतस्थळ मात्र महिन्याभरात बंद झालं.

चुका झाल्या तर? सामान्य व्यक्तीला 30 ते 50 हजार रूबल, संस्थेला 3 ते 5 लाख रूबल दंड. दंड प्रत्येक चुकीमागे वेगळा. एका पोस्टवर सूचना नाही म्हणजे एक चूक, दुसऱ्या पोस्टवर नाही म्हणजे दुसरी. दंडानंतर फौजदारी खटल्याची पाळी येते आणि दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पूर्वी त्यासाठी वर्षात दोनदा दंड झालेला असावा लागे. ऑक्टोबर 2025 मधल्या दुरुस्तीनंतर एकदा झालेला दंडही पुरतो. देशाबाहेर गेलेल्यांवर खटले त्यांच्या गैरहजेरीत चालतात.

बातम्या वाचताना तीन वेगळे शिक्के एकमेकांत मिसळतात, तेव्हा तेही सुटे करून घेऊ. ‘परदेशी हस्तक’ ही पहिली पायरी. काम चालू ठेवता येतं, पण वर सांगितलेल्या जाचात. दुसरी पायरी ‘अवांछित संघटना’. हा कायदा मे 2015 चा आहे आणि निर्णय महाअभियोक्त्यांचं, म्हणजे देशाच्या मुख्य सरकारी वकिलांचं, कार्यालय घेतं, इथेही न्यायालयाची गरज नाही. अवांछित ठरलेल्या संघटनेचं रशियातलं कोणतंही काम बेकायदेशीर. तिच्यात भाग घेतल्याबद्दल आधी दंड, पुन्हा केल्यास चार वर्षांपर्यंत कैद. संघटना चालवल्याबद्दल सहा वर्षांपर्यंत, आणि देणगी दिल्याबद्दल थेट फौजदारी खटला. मेदूझा 26 जानेवारी 2023 पासून या यादीत आहे. त्यामुळे रशियात राहणाऱ्याने तिचा दुवा आपल्या पानावर टाकणं धोक्याचं झालं. जुन्या पोस्टमधला विसरलेला दुवाही अडचणीत आणतो, कारण तो अजून दिसतो म्हणजे गुन्हा अजून चालू आहे असा अर्थ लावला जातो. तिसरी पायरी ‘कट्टरतावादी संघटना’. ती न्यायालय ठरवतं, शिक्षाही जास्त कडक. विरोधी नेते अलेक्सेई नवाल्नी यांच्या भ्रष्टाचारविरोधी फाउंडेशनला 2019 मध्ये हस्तक ठरवलं गेलं आणि जून 2021 मध्ये कट्टरतावादी. युद्धाविरुद्ध बोलणाऱ्यांवर मार्च 2022 पासून लागणारी ‘सैन्याबद्दल खोटी माहिती’ची कलमं या तिन्हींपेक्षा वेगळी आहेत, त्यात 15 वर्षांपर्यंत कैद आहे.

पहिल्या पायरीवर न्यायालयाबाहेर झालेली नोंद पुढे न्यायालयातला पुरावा कशी बनते, ते ‘मेमोरियल’च्या खटल्यात दिसलं. स्टालिनच्या काळात मारल्या गेलेल्या आणि छावण्यांत डांबलेल्या लोकांची नावं, कागदपत्रं आणि आठवणी गोळा करणारी ही संस्था सोव्हिएत संघाच्या शेवटच्या वर्षांत उभी राहिली. अणुशास्त्रज्ञ आणि मानवाधिकार कार्यकर्ते आंद्रेई साखारोव तिचे पहिले अध्यक्ष. 28 डिसेंबर 2021 रोजी रशियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ती विसर्जित करण्याचा आदेश दिला. कायदेशीर कारण काय, तर काही प्रकाशनांवर आणि पोस्टवर हस्तकाची सूचना नव्हती. दुसऱ्याच दिवशी मॉस्कोच्या न्यायालयाने तिच्याशी जोडलेलं मानवाधिकार केंद्र बंद केलं. पुढच्या वर्षी 7 ऑक्टोबरला मेमोरियलला नोबेल शांतता पुरस्कार जाहीर झाला, बेलारूसचे तुरुंगात असलेले आलेस बियालियात्स्की आणि युक्रेनचं ‘सेंटर फॉर सिव्हिल लिबर्टीज’ यांच्यासोबत. त्याच दिवशी मॉस्कोत मेमोरियलची जागा जप्त करण्याचा आदेश निघाला.

गोलोसचं काय झालं? 2016 मध्ये न्यायालयाने तिची नोंदणीकृत संघटना विसर्जित केली. कार्यकर्ते नोंदणीशिवाय काम करत राहिले. ऑगस्ट 2021 मध्ये, ड्यूमाच्या निवडणुकीच्या तोंडावर, नोंदणी नसलेल्या गटांच्या यादीत पहिलं नाव गोलोसचं आलं. त्या वर्षी निवडणूक निरीक्षण संघटनांचं ‘एनेमो’ हे युरोपीय जाळं ‘अवांछित’ ठरलं. गोलोस पूर्वी त्याची सदस्य होती. एवढ्या दुव्यावरून सहअध्यक्ष ग्रिगोरी मेल्कोन्यान्त्स यांना ऑगस्ट 2023 मध्ये अटक झाली आणि 14 मे 2025 रोजी पाच वर्षांची शिक्षा सुनावली गेली. मतमोजणीवर लक्ष ठेवणारा माणूस शिक्षा भोगतोय, आणि त्याला तिथवर नेणारी वाट 3 लाख रूबलच्या एका दंडापासून सुरू झाली होती. जुलै 2025 मध्ये गोलोसने काम थांबवत असल्याचं जाहीर केलं.

न्यायालयात दाद मागता येते, पण देशातल्या न्यायालयांनी मंत्रालयाचा निर्णय फिरवल्याची उदाहरणं विरळाच. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने इकोडिफेन्स आणि इतर संस्थांच्या खटल्यात 14 जून 2022 रोजी निकाल दिला. 73 संस्था अर्जदार होत्या आणि कायद्याने संघटनस्वातंत्र्याचा भंग होतो असं न्यायालयाने म्हटलं. पण हे न्यायालय ज्या युरोप परिषदेचं आहे, तिच्यातून रशिया तोवर बाहेर पडला होता आणि 15 मार्च 2022 नंतरचे निकाल आपण पाळणार नाही असं त्याने कायद्यानेच ठरवून टाकलं होतं.

शेजारी देशांत या कायद्याचं नाव निघालं की लोक का पेटून उठतात, ते आता समजायला सोपं जाईल. युक्रेनमध्ये तत्कालीन अध्यक्ष यानुकोविच यांच्या सरकारच्या बहुमताने 16 जानेवारी 2014 रोजी नुसते हात वर करून निदर्शनांविरुद्धचे कायदे मंजूर केले, त्यात परदेशी निधीच्या संस्थांना ‘परदेशी हस्तक’ ठरवण्याची तरतूद होती. कीव्हमधलं आंदोलन त्याने आणखी भडकलं आणि 28 जानेवारीला ती तरतूद मागे घ्यावी लागली. किर्गिझस्तानात मात्र अध्यक्ष जापारोव यांनी एप्रिल 2024 मध्ये रशियाच्या 2012 च्या कायद्याशी बराच मिळताजुळता ‘परदेशी प्रतिनिधी’ कायदा लागू केला.

जॉर्जियाची गोष्ट जास्त लांबली. 2008 च्या युद्धानंतर अबखाझिया आणि दक्षिण ओसेशिया, म्हणजे देशाचा सुमारे पाचवा भाग, रशियन सैन्याच्या ताब्यात आहे. अशा देशात ‘रशियन कायदा’ या दोन शब्दांचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही. सत्ताधारी ‘जॉर्जियन ड्रीम’ पक्षाने मार्च 2023 मध्ये विधेयक आणलं आणि राजधानी तिबिलिसीतल्या निदर्शनांमुळे काही दिवसांतच मागे घेतलं. पण 2024 च्या एप्रिलमध्ये ते पुन्हा आलं. 20 टक्क्यांहून जास्त निधी बाहेरून आला तर संस्थेने ‘परदेशी सत्तेचे हितसंबंध जपणारी’ म्हणून नोंद करायची, नाहीतर 25 हजार लारी (जॉर्जियाचं चलन) दंड. अध्यक्ष सालोमे झुराबिश्विली यांनी नकाराधिकार वापरला, संसदेने 28 मे रोजी तो बहुमताने फेटाळला.

जॉर्जियाच्या मसुद्यात टक्केवारीची मर्यादा होती हा रशियन कायद्यापेक्षा खरा फरक आहे, आणि सरकार तोच पुढे करत राहिलं. पण स्वतःहून नोंद करण्याची सक्ती, अपमानकारक नाव, कोणाच्या सांगण्यावरून काम होतं या प्रश्नाकडे डोळेझाक, हा सांगाडा तोच होता. मोठ्या संस्थांनी रशियातल्यासारखाच नोंदणीला नकार दिला. सरकारने मग 1 एप्रिल 2025 रोजी नवा कायदा केला आणि तो अमेरिकी कायद्याचं भाषांतर असल्याचं सांगितलं. तो 31 मेपासून लागू झाला आणि त्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे. अमेरिकी शब्द उचलले तरी ते राबवणारी यंत्रणा आणि त्यावर निकाल देणारी न्यायालयं तिबिलिसीतली आहेत. तिथे स्वतंत्र न्यायाधीश नसतील तर ‘परदेशी मालकाच्या सांगण्यावरून’ हा संबंध सिद्ध झाला की नाही ते कोण तपासणार? त्याच एप्रिलमध्ये आणखी एक दुरुस्ती झाली, जिची चर्चा बाहेर फारशी झाली नाही. आता परदेशी दात्याला जॉर्जियातल्या संस्थेला अनुदान द्यायचं असेल तर आधी सरकारची संमती लागते. लहान संस्थांना सगळ्यात जास्त जाच या दुरुस्तीचाच आहे, कारण नोंदणीला नकार देऊन काम करत राहण्याची जी वाट त्यांनी काढली होती, ती पैसाच न पोचल्याने बंद होते.